साधेपणाचा चकवा : मायक्रोस्पोरिडियाचे खरे कूळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेब्रिन या रोगाने फ्रान्समधील रेशीम उद्योग डबघाईस आणला. रेशीमकिड्यांना ग्रासणाऱ्या या रोगाच्या परोपजीवीला १८५७ मध्ये कार्ल नेगेली या शास्त्रज्ञाने ‘नोसेमा बॉम्बिसिस’ हे नाव दिले आणि त्याची गणना बुरशीसदृश जीवांत केली. पुढे हा जीव ज्या मायक्रोस्पोरिडिया गटात मोडतो, त्या गटाचे जीवसृष्टीतील स्थान वारंवार बदलत राहिले. अखेर जनुकांच्या क्रमवारीने त्याचे कूळ निश्चित केले. मात्र तत्पूर्वी याच पद्धतीने संशोधकांना एकदा चकवाही दिला होता.

जनुक म्हणजे डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर. पोथीची नक्कल करताना लेखनिकाकडून झालेली चूक पुढील प्रतींतही उतरते, त्याचप्रमाणे जनुकातील बदल पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होतात. निरनिराळ्या जीवांतील एकच जनुक शेजारी-शेजारी मांडून असे पाठभेद तपासले, की कोण कोणाचा जवळचा आप्त, हे ताडता येते. परोपजीवींच्या बाबतीत ही पद्धत विशेष मोलाची ठरते. यजमानाकडून पोषण आयते मिळत असल्याने त्यांच्या शरीररचनेतील अनेक भाग कालांतराने लोप पावतात आणि केवळ रूपावरून त्यांची ओळख पटत नाही.

मायक्रोस्पोरिडिया दुसऱ्या जीवाच्या पेशीत शिरूनच वाढतात. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका त्यांच्यात दिसत नव्हत्या. त्यामुळे तंतुकणिका अस्तित्वात येण्यापूर्वीच हे जीव मूळ शाखेतून वेगळे झाले असावेत, असे मत ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांनी १९८३ मध्ये मांडले. सर्व सजीवांत आढळणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची क्रमवारी १९८७ मध्ये तपासण्यात आली, तेव्हा तिनेही या मताला दुजोरा दिला. केंद्रक असलेल्या जीवांच्या वंशवृक्षात मायक्रोस्पोरिडिया अगदी बुंध्याशी जाऊन बसले.

हा निष्कर्ष टिकला नाही. १९९६ मध्ये पेशीचा सांगाडा घडविणाऱ्या ट्युब्युलिन प्रथिनाची जनुके तपासली असता मायक्रोस्पोरिडियाचे नाते बुरशीशी जुळले. आधीच्या गफलतीचे कारणही स्पष्ट झाले. या जीवांच्या रायबोसोमच्या जनुकात बदल फार वेगाने घडले होते. अक्षरे चारच असल्याने, वेगाने बदलणाऱ्या किंवा फार पूर्वी दुरावलेल्या दोन शाखांत काही अक्षरे निव्वळ योगायोगाने सारखी येतात आणि गणनपद्धती त्या साम्यालाच नाते समजते. त्यामुळे एकाच जनुकावर विसंबून न राहता अनेक जनुकांची साक्ष काढणे आवश्यक ठरले.

२००१ मध्ये ‘एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली’ या जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २९ लाख अक्षरे आणि जेमतेम २,००० जनुके आढळली. पावाच्या यीस्टमध्ये सुमारे ६,००० जनुके असतात. २००२ मध्ये तर याच गटातील दुसऱ्या एका जातीच्या पेशीत तंतुकणिकांचे सूक्ष्म अवशेषही सापडले. म्हणजे हा साधेपणा आदिम नव्हता, तर परोपजीवी जीवनामुळे ओढवलेला ऱ्हास होता. आज मायक्रोस्पोरिडिया बुरशीच्या कुळातील किंवा तिचे निकटचे आप्त मानले जातात.

या वंशावळीला व्यावहारिक महत्त्वही आहे. एड्सच्या रुग्णांत हे परोपजीवी चिवट अतिसारास कारणीभूत ठरतात. ट्युब्युलिनवर आघात करणारे अल्बेंडाझोल हे औषध एन्सेफॅलिटोझूनच्या जातींवर गुणकारी ठरते. परंतु १९८५ मध्ये एका एड्सग्रस्तात आढळलेल्या ‘एन्टेरोसायटोझून बियेन्युसी’वर त्याचा फारसा परिणाम होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंचे बीजाणू जवळपास सारखेच दिसतात. त्यामुळे कूळ ठरविणारी जनुकांची क्रमवारी रुग्णाच्या शरीरातील नेमकी जात ओळखण्यासाठी आणि योग्य औषध निवडण्यासाठीही उपयोगी पडते.