वर्गांतराचं कूळ

शाळेत अवयव पाडायला शिकताना मुलं ज्या सूत्रावर बेहद्द खूश असतात, ते दोन वर्गांच्या वजाबाकीचं: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). याचं मूळ विचारलं की बाबिलोनच्या मातीच्या पाट्या आणि युक्लिडच्या दुसऱ्या पुस्तकातलं पाचवं प्रमेय पुढे केलं जातं. ते ठीकच. पण हेच सूत्र वापरून मोठ्या संख्येचे अवयव हुडकायची युक्ती कुणाची? पुस्तकं फ्रेंच गणिती फर्माचं नाव घेतात. 1643च्या सुमारास, बहुधा मेर्सेनला, लिहिलेल्या पत्रात त्याने 2027651281 ही संख्या 44021 × 46061 अशी फोडून दाखवली. नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त हीच युक्ती आहे आणि तो ग्रंथ 1356चा!

हीच म्हणजे पायरीन् पायरी हीच. 1161 घ्या. वर्गमूळ 34, बाकी 5. चौतिसाच्या दुपटीत एक मिळवला की 69. त्यातून बाकी वजा केली की 64. हा आठाचा वर्ग, म्हणजे काम फत्ते: 1161 = 35² − 8² = 43 × 27. चौसष्टच्या जागी वर्ग नसलेली संख्या आली असती, तर तिच्यात 71 मिळवायचे, मग 73, मग 75, वर्ग हाती लागेपर्यंत. फर्माला अशा अकरा मिळवण्या कराव्या लागल्या, तेव्हा कुठे 1020चा वर्ग आला.

मग फर्माने ही युक्ती आपल्याकडून उचलली का? असं म्हणायला आवडेल, पण पटत नाही. ‘गणितकौमुदी’ छापून निघाली तीच मुळी विसाव्या शतकात, बनारसला. शिवाय फर्माच्या हाताशी बाशेने 1621 साली छापलेला ग्रीक गणिती डायोफँटसचा ग्रंथ होता आणि त्यात ठरावीक अंतराचे दोन वर्ग शोधायचं उदाहरण आहेच. उसनवारीची त्याला गरजच नव्हती.

खरा वाद नारायण पंडितांना ती कुठून सुचली याचा. वर्गमूळ काढताना उरलेल्या बाकीशी खेळता खेळता सुचली, हा सरळ तर्क. रीत वर्गमुळापासूनच सुरू होते, त्यामुळे तो खोडणं सोपं नाही. तरी माझी पैज वर्गप्रकृतीवर आहे. एखाद्या वर्गाला ठरावीक संख्येने गुणून त्यात क्षेप, म्हणजे आणखी एक ठरावीक संख्या, मिळवला की दुसरा वर्ग आला पाहिजे, असे ते प्रश्न. गुणक स्वतःच वर्ग असेल तर काय करायचं, याचा नियम ब्रह्मगुप्ताने दिला होता आणि भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तही तो आहे. गुणक 1 आणि क्षेप 45 धरा. मनाला येईल त्या संख्येने, समजा पाचाने, क्षेपाला भागा: 9. नऊ आणि पाच यांच्या वजाबाकीचं निम्मं 2, बेरजेचं निम्मं 7. आणि 4 + 45 = 49. म्हणजे अवयव हाती असले की वर्ग मिळतात. नारायण पंडितांनी हा नियम पालथा केला: वर्ग शोधा, अवयव मिळतील.

पुरावा? ग्रंथाची अनुक्रमणिका. दहावा अध्याय वर्गप्रकृतीचा, आणि त्याला लागूनच अकरावा, संख्येचे भाजक काढायचा. कोर्टात हे टिकणार नाही, मान्य. पण दहावा अध्याय लिहून हातावेगळा करणाऱ्या माणसाला अकराव्यात क्षेप आठवला नसेल, हे मानायला मी तयार नाही.

या रीतीची खोड एकच: अवयव एकमेकांपासून लांब असले की मिळवण्या संपता संपत नाहीत. तिच्यावर 1920च्या दशकात क्राइचिकने तोड काढली. वर्गांचं अंतर नेमकं ती संख्याच कशाला हवं, तिच्या पटीत असलं तरी चालेल! 1981 साली पोमरन्स यांनी त्यातूनच वर्गचाळणी तयार केली. सांकेतिक लिपीचं कोडं म्हणून 1977 साली जाहीर झालेली 129 अंकी संख्या 1994 साली याच चाळणीने फुटली. त्यासाठी शेकडो स्वयंसेवकांचे संगणक महिनोन् महिने राबत होते.