अब्जांश गतिकी
एक ते काही शेकडा नॅनोमीटर आकारमानाचे कण, रेणू व रेणूंचे समूह द्रवात किंवा एखाद्या पृष्ठावर कसे हालतात, आकार कसा बदलतात व एकमेकांशी कसे जुळतात याचा अभ्यास. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग, साध्या कागदाच्या जाडीचा सुमारे एक लक्षांश. या अभ्यासातील खरी अडचण लहानपणाची नसून लहानपण व चपळाई यांच्या संयोगाची आहे. सु. १० नॅनोमीटर व्यासाचा गोलक पाण्यात मोकळा सोडल्यास एका मिलिसेकंदात तो कोणत्याही एका दिशेने सरासरी सु. ३०० नॅनोमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या तीसपट सरकतो. त्यामुळे सूक्ष्म पाहणारे उपकरण मंद असेल, तर त्याला केवळ स्थिर चित्रे मिळतात. गती निसटून जाते.

या विषयाचा प्रारंभ रॉबर्ट ब्राउन (१७७३–१८५८) या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या १८२७ मधील निरीक्षणांपासून धरतात. परागकणच पाण्यात नाचत होते असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. वस्तुतः ब्राउन यांनी पाहिले ते परागकणांतून बाहेर पडलेले अतिसूक्ष्म कण होते. ही जीवशक्ती असावी ही शंका दूर करण्यासाठी त्यांनी काच, खनिजे, इतकेच नव्हे तर ईजिप्तमधील स्फिंक्सच्या दगडाचा तुकडाही कुटून पाहिला व तीच हालचाल त्यांना सर्वत्र दिसली. ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये हिची गणितीय उपपत्ती दिली व झां पेरँ (१८७०–१९४२) यांनी पॅरिसमध्ये राळेच्या कणांची स्थाने दर ३० सेकंदांनी टिपून ती पडताळून पाहिली. रेणूंचे अस्तित्व न मानणाऱ्यांचा विरोध यानंतर मावळला. पेरँ यांनी याच वेळी एक इशारा दिला होता : टिपलेले बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषा हा कणाचा मार्ग नव्हे, शंभरपट अधिक वेळा निरीक्षण केल्यास प्रत्येक रेषेच्या जागी तितकीच वेडीवाकडी नवी आकृती मिळेल. या विषयातील पुढील शंभर वर्षांचे बरेचसे वाद या एका विधानाभोवती फिरताना दिसतात.

प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची मर्यादा एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखविली होती. प्रकाशाच्या विवर्तनामुळे सु. २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू त्यातून वेगळे दिसत नाहीत. माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी बर्लिन येथे १९३१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार केला. पुढे सुधारलेल्या रूपात त्याने ही मर्यादा ओलांडली. परंतु त्यात नमुना निर्वातात ठेवावा लागे. पाण्यावाचून प्रथिनांचे काम चालत नाही. त्यामुळे जीवरेणूंची जी उत्तम चित्रे मिळाली, ती वाळलेल्या वा गोठविलेल्या अवस्थेतील होती.

गेर्ट बिनिग, कॅल्व्हिन क्वेट व क्रिस्टोफ गेर्बर यांनी १९८६ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शक पुढे आणला. यात भिंग नसते. एका टोकाला पक्क्या बसविलेल्या लवचिक पट्टीच्या मोकळ्या टोकाशी अतितीक्ष्ण सुई असते. ती नमुन्याच्या पृष्ठावरून ओळीओळीने फिरते आणि पट्टीच्या वाकण्यावरून पृष्ठाचा उंचसखलपणा कळतो. आंधळ्या माणसाने बोटांनी चेहरा ओळखावा तसा हा प्रकार आहे. हे उपकरण पाण्यातही चालते, हा त्याचा मोठा गुण. मात्र एका चित्राला काही मिनिटे लागत; तेवढ्यात प्रथिनाचे काम शेकडो वेळा होऊन गेलेले असे.

उच्चवेगी अणुबल सूक्ष्मदर्शन : ही उणीव दूर करण्याचे प्रयत्न सँता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल हॅन्स्मा यांच्या प्रयोगशाळेत आणि जपानमधील कानाझावा विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात समांतर चालले. कानाझावा येथील तोशिओ आंडो हे मूळचे स्नायूंच्या जीवभौतिकीचे अभ्यासक. मायोसीन हे प्रथिन ॲक्टिनाच्या तंतूवर नेमके कसे सरकते हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ह्यू हक्सली यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार मायोसिनाचा काही भाग तरफेप्रमाणे झुलतो व त्यामुळे तंतू ओढला जातो. या कल्पनेला अप्रत्यक्ष पुरावा पुष्कळ होता. झुलणारी तरफ मात्र कोणी पाहिली नव्हती. ती पाहता यावी म्हणून सु. १९९३ पासून आंडो यांनी उपकरणच नव्याने घडविण्यास घेतले.

उपकरणाचा वेग त्याच्या सर्वांत मंद भागावर ठरतो, म्हणून प्रत्येक भाग बदलावा लागला. नेहमीची पट्टी १०० मायक्रॉन वा अधिक लांब असते. येथे ती ६ ते ७ मायक्रॉन लांब, २ मायक्रॉन रुंद व सु. ९० नॅनोमीटर जाड केली. तिची पाण्यातील अनुस्पंदन कंप्रता सु. १२ लक्ष हर्ट्‌झपर्यंत गेली व तरीही ती पुरेशी मऊ राहिली. नमुना हालविणाऱ्या दाबविद्युत् यंत्रणेची स्वतःची थरथर दाबावी लागली. सर्वांत चिवट अडचण पुनःप्रदाय मंडलाची निघाली. रेणूच्या उंच कडेवरून उतरताना सुई पृष्ठापासून सुटते व पुन्हा टेकेपर्यंत काहीच नोंद होत नाही. ती लवकर टेकावी म्हणून मंडलाची संवेदनशीलता वाढविली, तर सुई रेणूवर आपटते. सुई सुटल्याबरोबर संवेदनशीलता आपोआप वाढावी व टेकताच कमी व्हावी, अशी योजना करून हा पेच सोडविण्यात आला. २००१ मध्ये ८० मिलिसेकंदांत एक चित्र घेता आले. परंतु सुईच्या धक्क्याने नाजूक रेणू विस्कटत. नुसता वेग पुरेसा नव्हता. सुईचा स्पर्श हलका करण्यात आणखी सहा-सात वर्षे गेली.

नोरियुकी कोदेरा, आंडो व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये मायोसीन–५ या प्रथिनाचे चलच्चित्रण प्रसिद्ध केले. हे प्रथिन पेशीत माल वाहून नेते व त्याला दोन ‘पाय’ असतात. मागचा पाय उचलून पुढच्याच्या पुढे टाकीत ते सु. ३६ नॅनोमीटरांची एकेक ढांग टाकते, हा निष्कर्ष अहमेत यिल्दिझ, पॉल सेल्विन इत्यादींनी २००३ मध्ये अनुस्फुरक रंगद्रव्याच्या एका ठिपक्याचे स्थान मोजून काढला होता. कानाझावाच्या चित्रांत, सेकंदाला सु. सात या गतीने, ते चालणे सरळ दिसले. मागचा पाय सुटताच पुढच्या पायाची मान झुलून पुढे येते, हेही दिसले. एक गोष्ट अनपेक्षित होती : पुढचा पाय अधूनमधून सुटून जवळजवळ तेथेच पुन्हा टेकतो, जणू जागच्या जागी पाय आपटावा तसा. सुईच रेणूला ढकलीत असेल ही शंका रास्त होती. तिचे उत्तर वेगाच्या तुलनेने दिले गेले. ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट या इंधनाचे प्रमाण बदलल्यावर चालण्याचा वेग ज्या रीतीने बदलला, तो अनुस्फुरण पद्धतीने सुईवाचून मोजलेल्या वेगाशी जुळला. अशा पडताळ्यावाचून या चित्रांना पुरावा म्हणता आले नसते.

२०११ मध्ये याच तंत्राने सेल्युलोज पचविणाऱ्या एंझाइमाचे रेणू तंतूवर एकामागून एक जाताना व अडथळ्यापाशी वाहतूक खोळंबावी तसे थबकताना दिसले. वनस्पतींच्या टाकाऊ भागांपासून इंधन बनविण्याच्या प्रयत्नांना या निरीक्षणाचे महत्त्व आहे. २०१७ मध्ये कानाझावा विद्यापीठात या विषयासाठी स्वतंत्र संशोधन संस्था निघाली.

द्रवातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन व संगणकीय विश्लेषण : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही पाणी नेण्याची युक्ती दरम्यान साधली होती. सिलिकॉन नायट्राइडाच्या दोन पातळ पटलांत द्रवाचा थर बंद केल्यास तो निर्वातात टिकतो. या पेटिकेत सोन्याचे कण प्रत्यक्ष हालताना दिसू लागले. पण ते आइन्स्टाइन यांच्या सूत्रावरून अपेक्षित असलेल्या गतीपेक्षा कित्येक पटींनी मंद हालत. शिवाय इलेक्ट्रॉन शलाकेने पाण्याचे विघटन होऊन आयन निर्माण होतात. दिसणारी गती कणाची, पटलाची की शलाकेची, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. त्याचे उत्तर न मिळाल्यास सगळेच चित्रण निरर्थक ठरले असते.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विदा जमाली, पॉल ॲलिव्हिसॅटोस इत्यादींनी २०२१ मध्ये या प्रश्नासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग केला. कणांचे मार्ग आखूड व गोंधळाचे असल्याने नेहमीच्या सांख्यिकीय कसोट्या त्यांवर दुबळ्या पडतात. म्हणून गणिताने बनविलेल्या, ज्यांचा प्रकार आधीच ठाऊक आहे अशा असंख्य मार्गांवर तंत्रिका जाल या संगणकीय रचनेला शिकविण्यात आले व मग तिला खरे मार्ग ओळखावयास लावले. शलाकेची मात्रा कमी असताना कणांची गती चिकट व लवचिक माध्यमातील विसरणासारखी होती; म्हणजे टाकलेले पाऊल पुढील पावलांवर प्रभाव ठेवी. मात्रा जास्त असताना कण ठिकठिकाणी अडकून मग उडी मारीत. पटलावरील सिलॅनॉल गट व विघटनातून आलेले आयन यांच्या आधारे दोन्ही वर्तनांचा उलगडा करता आला. शलाका परिणाम करते हे आधीच माहीत होते. तो परिणाम कोणत्या प्रकारचा हे येथे प्रथम नीट सांगितले गेले. पुढे जमाली यांनी अटलांटा येथील जॉर्जिया टेक या विद्यापीठात आपला संशोधन गट उभारला. त्यांच्या गटाने २०२५ मध्ये सु. ३८,००० प्रत्यक्ष मार्गांवरून शिकून तसेच नवे मार्ग निर्माण करणारी संगणकीय प्रतिकृती प्रसिद्ध केली.

कणांच्या मार्गांचे वर्गीकरण करणाऱ्या निरनिराळ्या पद्धतींची एक खुली स्पर्धा घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक परिस्थितीत सरस ठरेल अशी एकही पद्धत आढळली नाही. मात्र सर्व प्रकारच्या कामांत यंत्र-अध्ययनावर आधारलेल्या पद्धती जुन्या पद्धतींच्या पुढे राहिल्या. मार्ग ओळखणे व चित्र सुधारणे यांत मात्र भेद केला पाहिजे. २०१८ पासून अंधुक चित्रांतील गोंगाट तंत्रिका जालांकडून पुसून घेण्याची पद्धत रूढ झाली. कमी प्रकाशात वा कमी इलेक्ट्रॉनांत काम भागल्याने नमुन्याची हानी टळते, हा तिचा मोठा लाभ आहे. परंतु जाल रिकाम्या जागी जे भरते ते त्याने पूर्वी पाहिलेल्या चित्रांवरून भरते. एखादा रेणू पूर्वी कधीही न दिसलेली हालचाल करीत असेल, तर तीच गोंगाट म्हणून पुसली जाण्याचा संभव असतो. मायोसीन–५ चे जागच्या जागी पाय आपटणे अशाच जातीचे होते. त्यामुळे मूळ, न सुधारलेली चित्रेही सोबत प्रसिद्ध करावीत व जालाला कोणत्या नमुन्यांवर शिकविले ते उघड करावे, असा आग्रह या क्षेत्रात धरला जातो.