अवरक्त छायाचित्रण आणि मोबाइलचा कॅमेरा

‘अवरक्त’ ही संज्ञा मराठीत आता रूढ झाली आहे. लॅटिन ‘इन्फ्रा’ला संस्कृत ‘अव’ हा प्रतिशब्द योजून ती घडविण्यात आली. तिच्या जोडीला वापरली जाणारी ‘जंबुपार’ ही संज्ञा मात्र निराळ्या वृत्तीची आहे. जांभळ्या रंगापलीकडचा, असे ती सरळ सांगते. अवरक्ताच्या बाबतीत खाली म्हणजे कशाच्या खाली, हे शब्दावरून उमगत नाही, कारण तांबड्याच्या पुढे कंपनसंख्या घटते तर तरंगलांबी वाढते. नावाची ही अडचण केवळ कोशकारांची नव्हे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील गाळणी काढून त्याला रात्रीची दृष्टी देण्याचा जो उद्योग हौशी मंडळींत चालतो, त्याविषयीचा मुख्य गैरसमज या किरणांच्या पहिल्या नामकरणातूनच निघालेला दिसतो.

१८०० साली विल्यम हर्शेल याने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्याच्या निरनिराळ्या भागांत तापमापक ठेवले, तेव्हा सर्वाधिक उष्णता तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नाही, तेथे आढळली. त्याच्यापाशी साधन होते ते तापमापकाचे. साहजिकच त्याने जे मोजले त्याला उष्णतेच्या किरणांचे नाव दिले, आणि प्रकाश व हे किरण भिन्न आहेत अशा निष्कर्षाला तो त्याच वर्षात आला. भेद पुढे मिटला, नाव मात्र लोकांच्या मनात राहिले. आजही ‘अवरक्त’ म्हटले की अंगाची ऊब टिपणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. वस्तुतः मानवी देहातून निघणारे प्रारण मुख्यतः १० मायक्रोमीटरच्या आसपासचे असते, तर सिलिकॉनची ग्रहणशक्ती सुमारे १.१ मायक्रोमीटरवर संपते. मोबाइलमधून कोणतीही काच काढली तरी काळोखात उभ्या असलेल्या माणसाची ऊब त्यात उमटणार नाही.

या किरणांना छायाचित्राच्या काचेवर आणणे सोपे नव्हते. चांदीचे क्षार मूलतः निळ्या प्रकाशालाच जागे होतात. १८७३ साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल याने रंगद्रव्ये मिसळून त्यांची कक्षा वाढविण्याचा मार्ग दाखविला. इंग्लंडात ॲबनी याने १८८० च्या सुमारास खास कोलोडियनच्या लेपावर सूर्याच्या वर्णपटाचा अवरक्त भाग टिपला. निसर्गदृश्ये मात्र अमेरिकन पदार्थविज्ञ रॉबर्ट वुड याने १९१० साली लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीपुढे मांडली. त्यांत आकाश काळेभोर आणि झाडांची पाने बर्फासारखी शुभ्र होती. या परिणामाला ‘वुड परिणाम’ म्हणतात, तो या वुडच्या नावावरून. त्याचा लाकडाशी संबंध लावणारे अनुवाद झाल्यास नवल नाही! पानांच्या पेशींतून परावर्तित होणारा अवरक्त प्रकाशच त्या शुभ्रतेचे कारण होय. १९४० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या वीजी या छायाचित्रकाराने अवरक्त फिल्म वापरून चित्रपटगृहाच्या अंधारात बसलेल्या प्रेक्षकांची चित्रे त्यांच्या नकळत घेतली. अदृश्य प्रकाशाचा नैतिक प्रश्न तेथेच उभा राहिला होता.

फिल्मला अवरक्तापर्यंत नेण्यास इतके सायास पडले; सिलिकॉनच्या बाबतीत सारे उलटे झाले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी ज्या सीसीडीची कल्पना मांडली, त्या जातीच्या ग्राहकांना अवरक्त उपजतच दिसते. रंग डोळ्यास दिसतात तसे उमटावेत म्हणून त्यांच्यापुढे अवरक्त अडविणारी गाळणी बसवावी लागली. म्हणजे कॅमेरा माणसासारखा पाहतो, तो अंशतः त्याच्यावर घातलेल्या बंधनामुळे. हे बंधन सैल केल्यास काय होते, हे १९९८ साली दिसून आले. सोनीच्या नाइटशॉट कॅमेऱ्यात गाळणी बाजूस सारता येई. दिवसाउजेडी वापरल्यास काही कापडांच्या आरपार दिसते, असा बोभाटा होताच कंपनीला रचना बदलावी लागली. २०२० साली वनप्लस ८ प्रो या फोनच्या एका रंगगाळणी कॅमेऱ्याविषयीही तसाच वाद झाला.

मोबाइलमधील ही गाळणी भिंग आणि ग्राहक यांच्यामध्ये चिकटविलेली अत्यंत पातळ काच असते. ती काढल्याने नाभी तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश अंतराने भिंगाकडे सरकते आणि दूरचे दृश्य बहुधा धूसर होते. म्हणून जाणकार तिच्या जागी तितक्याच जाडीची साधी काच बसवितात. रंगही बिघडतात, कारण ग्राहकावरील तांबडे, हिरवे व निळे ठिपके सुमारे ८०० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ सारखेच पारदर्शक होतात.

एवढे करूनही लाभ होतो तो आसपास अवरक्त प्रकाश असेल तरच. जुन्या तारेच्या दिव्यात तो विपुल असे. रस्त्यावरच्या आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत जवळपास नसतो. म्हणून वेगळा दिवा जोडावा लागतो. ८५० नॅनोमीटरच्या दिव्याची मंद तांबूस चमक डोळ्यास जाणवते, ९४० चा दिवा अजिबात दिसत नाही, पण त्याला ग्राहकाचा प्रतिसादही कमी असतो. अपुऱ्या उजेडातील सामान्य छायाचित्रणाने दरम्यान दुसरीच वाट धरली. २०१८ साली गूगलच्या पिक्सेल फोनांत आलेली ‘नाइट साइट’ ही सोय एकामागून एक घेतलेली अनेक चित्रे जुळवून त्यांतला गोंगाट घटविते, आणि त्यासाठी गाळणीला हात लावावा लागत नाही.