फुलवालीचं दुकान दप्तरात का सापडत नाही?

सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक प्रश्न हमखास येतो: "साधनं कुठं आहेत?" मला विचारला गेला तेव्हा माझं उत्तर तयार होतं. सातारा आणि सांगली इथल्या रस्त्यावरच्या तात्पुरत्या फुलांच्या दुकानांचा इतिहास मला लिहायचा होता. दुकानांच्या नोंदी कुठं तरी असणारच, असं मी ठोकून दिलं. मग तीन महिने जुन्या छापील अहवालांत ‘दुकान’ हा शब्द शोधत बसले. किराणा सापडला, कापड सापडलं, सराफी सापडली. फुलं नाहीत.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगते, कारण माझी चूक तिथूनच सुरू होते. डिझाइनच्या शेवटच्या वर्षी मी एक फुलांचं दुकान केलं होतं. घडी होणारं, प्लायवूडचं. कमरेइतक्या उंचीचं काउंटर, मागे तीन पायऱ्यांची मांडणी, फळ्या काढून जोडल्या की बाक तयार. मार्क चांगले पडले. ते घेऊन मी सांगलीत गणपती मंदिराजवळ बसणाऱ्या एका मावशींकडे गेले. त्यांनी ते नीट पाहिलं, हात फिरवला आणि विचारलं, "बाळ, ह्यात मी बसू कुठं?"

खरंच की. हार ओवणारी बाई उभी नसते. ती खाली बसते, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. माझ्या काउंटरमागे ती बसली तर गिऱ्हाईकाला दिसणारच नाही. दुसरं, फुलांवर दिवसभर पाणी शिंपडतात, प्लायवूड एका पावसाळ्यात फुगलं असतं. तिसरं मावशींनी हळू आवाजात सांगितलं: गाडी आली तर पाच मिनिटांत सगळं उचलावं लागतं. माझं दुकान घडी करायला दोन माणसं आणि एक पाना लागत होता.

त्यांच्याकडे काय होतं? द्राक्षांची दोन रिकामी क्रेट, त्यांवर एक फळी, ओलं गोणपाट, बादली, छत्री, एक परडी आणि झाडाला बांधलेली दोरी. दोरीवर हार. एक क्रेट उलटं केलं की बसायला, सुलटं केलं की सुट्या फुलांना. संकष्टीला फळी दोन क्रेटवर, एरवी मांडीवर. दसऱ्याला फळी, क्रेट सगळं बाजूला. जमिनीवर ताडपत्री टाकून झेंडूचा ढीग आणि पुढे तराजू. संध्याकाळी सगळं एकात एक बसवून ओळखीच्या दुकानाच्या जिन्याखाली. गरजेप्रमाणे बदलणारं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं फर्निचर म्हणून मी जे काढत होते, ते तिथं आधीच होतं. फक्त त्याला कुणी फर्निचर म्हणत नव्हतं.

आता इतिहासाकडे येऊ. दप्तरात फुलांचं दुकान न सापडण्याचं एक कारण असं की बराच काळ फुलं घ्यायला दुकानात जावंच लागत नव्हतं. साताऱ्यात पोलिटिकल एजंट असलेल्या ग्रँट डफनं मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. राजकारण आणि लढाया शोधत ते पुस्तक वाचणारे गावकामगारांची यादी ओलांडून जातात. तुम्ही थांबा. त्यात गुरव बलुतेदारांत आहे आणि माळी अलुतेदारांत. म्हणजे देवाचं बेलफूल हे गावाच्या देण्याघेण्यात बसलेलं काम होतं, सुगीला धान्यात चुकतं होणारं. त्र्यं. ना. आत्रे यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ याच व्यवस्थेची दुसरी बाजू दाखवतं, ती कुरबुरींसकट. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

शहरात याची जागा फुलपुडीनं घेतली. सकाळी दाराच्या कडीला अडकवलेली पानाची पुडी, महिन्याचा रतीब, हिशेब महिनाअखेरीला. जुन्या वाड्यांतल्या आजींना विचारा, पुडी कोण टाकायचं हे त्या नावानिशी सांगतात. तुमच्या आमच्यासाठी महत्त्वाचं हे की रतीबाला दुकान लागत नाही. लागते एक पाटी आणि पाठ असलेल्या घरांची यादी.

मग रस्त्यावर किंवा आठवडे बाजारात बसणाऱ्यांचं काय? इथं माझी गाडी तीन महिने अडली आणि एका शब्दानं सुटली. तो शब्द ‘बैठक’. बाजारात माल घेऊन बसणाऱ्याकडून घ्यायच्या कराला जुन्या महसुली भाषेत बाजारबैठक म्हणत. कर इमारतीवर नाही, बसण्यावर. आजही आठवडे बाजारात वसुलीवाला पावती फाडतो ती अडवलेल्या जागेची. ही वसुली पुष्कळदा लिलावानं ठेक्यावर देतात, म्हणजे लिलावाचा कागद असतो, ठेकेदाराचं नाव असतं, रक्कम असते. बसणारीचं नाव नसतं. तेव्हा ‘दुकान’ शोधू नका. बैठक, बाजार फी, जत्रा, ठेका हे शब्द शोधा. आपण आपल्या काळाचा शब्द घेऊन कागदाकडे जातो आणि कागद गप्प बसतो, ही चूक मी केली, तुमचे तीन महिने वाचावेत.

सांगलीवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १८८५च्या गॅझेटियरमध्ये ‘सांगली जिल्हा’ शोधलात तर मिळणार नाही, कारण तो जिल्हाच नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात. सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. १९४८ला संस्थान विलीन झालं, १९४९ला ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे तासगावचा बाजार साताऱ्याच्या खंडात, सांगलीचा संस्थानी कागदांत आणि पन्नाशीतलं सगळं दक्षिण साताऱ्याच्या नावाखाली. ज्या द्राक्षपट्ट्यातली क्रेट मावशी वापरतात, तो तासगावचा पट्टा कागदोपत्री तीन घरं फिरलेला आहे.

कागद मिळाले तरी वस्तू मिळत नाहीत, ही खरी पंचाईत. वास्तुकलेच्या इतिहासात फुलांचं एक दुकान प्रसिद्ध आहे: स्वीडनमध्ये माल्मो इथल्या दफनभूमीच्या दाराशी सिगुर्ड लेवेरेंट्झनं १९६९ मध्ये बांधलेलं. काँक्रीटच्या भिंती, एका बाजूला उतरतं छप्पर. सुंदर आहे, मला मनापासून आवडतं. पण ते अभ्यासता येतं कारण ते जागचं हलत नाही. आपल्याकडचं फुलांचं दुकान रोज संध्याकाळी नाहीसं होतं, आणि नाहीशा होणाऱ्या वस्तूचा इतिहास लिहायची सवय आपल्या विद्याशाखेला फारशी नाही.

मला वाट दाखवली ती १९५८च्या एका अहवालानं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानं भारत सरकारच्या सांगण्यावरून तो लिहिला, आणि त्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्यावर लिहिलंय. हा लोटा कुणा एकानं डिझाइन केला नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी केला, असं म्हणून ते प्रश्नांची रांगच लावतात: डोक्यावर, कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, धुवायला कसा, किंमत किती. मी तेच प्रश्न क्रेटला आणि फळीला विचारते. (लोट्याचं जरा जास्तच कौतुक झालंय असं मला वाटतं, तो घासणारी बाई त्या अहवालात फारशी दिसत नाही. पण पद्धत कामाची आहे.)

प्रत्यक्षात करायचं एवढंच: एकाच ठेल्याची यादी सकाळी, भर दुपारी, आवरताना आणि सणाच्या दिवशी करायची. प्रत्येक वस्तूपुढे लिहायचं: आधी कुठं होती, इथं किती कामं करते, एकटीला उचलते का, रात्री कुठं झोपते. पुडीचं बघा ना. पान, मग वर्तमानपत्र, मग प्लास्टिकची पिशवी. २०१८च्या राज्यातल्या प्लास्टिकबंदीनंतर पुन्हा कागद. एका वस्तूच्या बदलातून साल सापडतं. मुलाखतीत "तुमचा व्यवसाय कसा बदलला?" असं विचारलंत तर "काय बदलणार?" हेच उत्तर येईल. "क्रेटच्या आधी काय होतं?" विचारा. वेताची दुरडी, तिला लागणारं ओलं फडकं आणि ती डोक्यावर घेऊन येणारी सासू, सगळं बाहेर येतं.

या यादीत नुसती हौस नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती आहे. त्या समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या. सर्वेक्षण करणारा माणूस येतो तेव्हा समोर काय दिसतं यावर पुष्कळ ठरतं. हातगाडी दिसते, टपरी दिसते. दुपारी क्रेट उलटं करून सावलीला गेलेली बाई दिसत नाही. कुठं, किती वर्षं बसते याचा पुरावा तिच्याकडे फाडलेल्या पावत्यांचा, तोही ठेवला असेल तर. मंदिरं २०२०मध्ये बंद झाली आणि पुन्हा २०२१मध्ये, तेव्हा गिऱ्हाईकच उरलं नाही. फेरीवाल्यांच्या दहा हजारांच्या कर्जयोजनेसाठीही ओळख पटवायला कागदच लागत होता.

आणि तरीही ते हलकं सामान एकदा कामाला आलं. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. गणपती पेठेत, मारुती चौकात पाणी होतं, जड काउंटर आणि कपाटं जागच्या जागी बुडाली. मावशींनी पाणी यायच्या आधी क्रेट, फळी, छत्री उचलली आणि जतकडच्या बहिणीकडे गेल्या. पाणी ओसरल्यावर दोरी तेवढी नवी बांधली.

मागच्या महिन्यात भेटले तेव्हा त्यांनी माझ्या प्लायवूडच्या दुकानाची चौकशी केली. हॉस्टेलवर पुस्तकं ठेवायला वापरते म्हटलं. "पाऊस लागत नाही ना मग," म्हणाल्या, आणि पावत्यांची एक पिशवी काढून दिली. सुतळीनं बांधलेली, अर्ध्या पावत्यांची शाई उडालेली. सध्या त्या तारखेवार लावते आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे चारला साताऱ्यात मोती चौकात यादी करायला बसणार आहे. कुणाला यायचं असेल तर या, वही जाड पुठ्ठ्याची आणा. खाली बसून लिहावं लागतं.