गोदीतला स्फोट आणि सायगावचा रेडिओ



१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते. त्याच दिवशी देशभरातल्या अग्निशमन केंद्रांत आणखी एक कार्यक्रम असतो. जवान रांगेत उभे राहतात, कर्तव्यावर मरण पावलेल्या आपल्या साथीदारांना मानवंदना देतात आणि तिथून पुढे अग्निशमन सप्ताह पाळला जातो. याचं मूळ १९४४ सालच्या मुंबईत आहे. आज मी त्या दिवसाबद्दल बोलणार आहे. स्फोट कसा झाला हे तर सांगेनच, पण माझा खरा विषय वेगळा आहे. संकट आलं की सरकार आणि मोठ्या संस्था लोकांना काय सांगतात, वर्तमानपत्रांना काय सांगतात, आणि काय दडवतात, हा तो विषय.

फोर्ट स्टिकीन नावाचं साधारण ७ हजार टनांचं एक मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघालं. दुसरं महायुद्ध चालू होतं. जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, शिवाय सोन्याच्या १२४ विटा होत्या. वाटेत कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, गंधक असं मिळेल ते भरलं गेलं. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात ठेवू नये, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. पण युद्धात जहाजं कमी आणि माल जास्त, म्हणून ते झालं. १२ एप्रिलला हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागलं.

आता इथे एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा. स्फोटकं घेऊन आलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचं, असा बंदराचा रिवाज होता. ते निशाण दिसलं की आजूबाजूच्या जहाजांना, हमालांना, बंबवाल्यांना समजायचं की इथे जपून राहायचं. फोर्ट स्टिकीनवर ते निशाण नव्हतं. शेजारच्या जहाजांच्या लेखी ते इतर दहा जहाजांसारखंच एक जहाज होतं.

१४ एप्रिलच्या दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर, दोनच्या सुमाराला, दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यातून धूर येतोय हे जहाजावरच्या लोकांच्या ध्यानात आलं. बंब आले. शेकडो टन पाणी आत ओतलं, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. जहाज जागच्या जागी बुडवावं की गोदीबाहेर ओढून न्यावं, यावर अधिकाऱ्यांमध्ये चर्चा झाली. एकमत झालं नाही. जहाजावर काय भरलंय हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याकडे सुमारे दोन तास होते. त्या दोन तासांत गोदी रिकामी करा, असा हुकूम निघाला नाही. शेजारच्या जहाजांवर कामं चालू राहिली. धूर बघायला माणसं जमली.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडून द्यायचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जवळच उभं असलेलं जलपद्म नावाचं ४ हजार टनांचं जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर आपटलं. जळता कापूस आणि तापलेलं लोखंड गोदीच्या आसपासच्या वस्तीवर पाऊस पडावा तसं पडलं. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. तिकडे शिमल्याच्या भूकंपमापक यंत्रातही हादऱ्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. एकूण मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत दिले जातात. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. हजारो टन धान्य जळालं, तेही बंगालमध्ये माणसं भुकेने मेली त्याच्या दुसऱ्याच वर्षी.

हा झाला स्फोट. आता त्याच्या बातमीचं काय झालं ते बघू.

त्याच एप्रिलमध्ये जपानी फौजा कोहिमाला येऊन भिडल्या होत्या. त्यामुळे कानठळ्या बसवणारा आवाज आणि आकाशभर धूर पाहिल्यावर अनेकांना वाटलं की जपान्यांचा हल्ला झाला. अशा वेळी, हा हल्ला नाही, गोदीत आग लागून स्फोट झालाय, अमुक भागात जाऊ नका, एवढं ताबडतोब आणि मोठ्याने सांगणं हे सरकारचं पहिलं काम. पण युद्धकाळातली सेन्सॉरशिप लागू होती. या स्फोटाची सविस्तर हकीगत जगाला पहिल्यांदा सांगितली ती सायगावच्या रेडिओने, आणि तीही दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला. सायगाव तेव्हा जपान्यांच्या वर्चस्वाखाली होतं. म्हणजे ज्या शत्रूला कळू नये म्हणून बातमी दाबली, त्याच शत्रूच्या बाजूचा रेडिओ ती चोवीस तासांत वाजवत होता. इकडे बातमीदारांना आपली वृत्तं बाहेर पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने ही हकीगत २२ मे १९४४ च्या अंकात छापली, आणि तेव्हाही जगाला ती नवीच होती. सुधीश घटक या छायाचित्रकाराने स्फोटाचं आणि त्यानंतरचं चित्रण केलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी ते जप्त केलं. त्यातला काही भाग पुढे कधीतरी वार्तापटात दाखवला गेला.

मग सरकारने दडवलं कोणापासून? शत्रूपासून नक्कीच नाही. दडवलं गेलं ते देशातल्याच लोकांपासून. मुंबईच्या गोदीत कोकणातला, घाटावरचा, संयुक्त प्रांतातला माणूस पोटासाठी आलेला होता. गावाकडे त्याची आई, बायको, मुलं होती. आपला माणूस जिवंत आहे की नाही हे कळण्याचा पहिला हक्क त्यांचा होता.

सरकारच्या बाजूनेही बोललं पाहिजे. युद्धात बंदराचं किती नुकसान झालं, किती जहाजं गेली, हे आकडे शत्रूच्या उपयोगाचे असतात. ते काही काळ झाकून ठेवण्यात तथ्य आहे. शिवाय सरकारने या दुर्घटनेची जबाबदारी घेतली आणि लोकांना नुकसानभरपाईही दिली. मी हे नाकारत नाही. पण बुडालेल्या जहाजांचा आकडा झाकणं वेगळं आणि लोकांना अंधारात ठेवणं वेगळं. आणि माझा मुख्य मुद्दा तर स्फोटाच्याही आधीचा आहे. लाल निशाण लावलं नाही तिथेच गप्प बसण्याला सुरुवात झाली होती. आग लागल्यावर दोन तास कोणी इशारा दिला नाही, हे त्याचंच पुढचं पाऊल. स्फोटानंतर बातमी अडवली, हे त्याच्याही पुढचं. संस्था संकटात जशी वागते तशी ती आधीपासून वागत आलेली असते. आपल्याजवळच्या धोक्याविषयी शेजाऱ्याला सांगायची सवय नसेल, तर ऐन वेळी ती कुठून येणार?

तुम्ही म्हणाल, ते इंग्रजांचं राज्य होतं, युद्ध होतं. बरोबर आहे. म्हणून आता असं एक उदाहरण घेऊ जिथे युद्ध नव्हतं आणि राज्यही आपलंच होतं.

भोपाळ, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, सुमारे ४० टन. कारखान्याला दोन प्रकारचे भोंगे होते, एक आतल्या कामगारांसाठी आणि एक बाहेरच्या वस्तीसाठी. लोक उगाच घाबरू नयेत म्हणून हे दोन भोंगे एकमेकांपासून वेगळे केलेले होते. त्या रात्री बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. आतला चालू राहिला. बऱ्याच वेळाने बाहेरचा पुन्हा सुरू झाला, तोवर वायू वस्तीत शिरलेला होता. पोलिसांनी कारखान्यात फोन केले तर सगळं ठीक आहे असं सांगण्यात आलं. इस्पितळात माणसांची रीघ लागली, डोळे जळताहेत, श्वास लागत नाही, आणि हा कोणता वायू आहे हेच डॉक्टरांना माहीत नव्हतं. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढं जरी वस्तीला आधी शिकवलेलं असतं तरी काही जीव वाचले असते. लोक मात्र जिकडे वाट फुटेल तिकडे, कित्येक तर वायू जात होता त्याच दिशेला धावले.

इथेही ती रात्र ही सुरुवात नव्हती. राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने १९८२ मध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या दोन वर्षं आधी, आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकात या कारखान्याच्या धोक्याविषयी पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. त्याकडे ना कंपनीने लक्ष दिलं, ना सरकारने. गोदीत जे लाल निशाण लावलंच गेलं नाही, ते भोपाळमध्ये एका पत्रकाराने आपल्या खर्चाने लावलं होतं. ते कोणी पाहिलं नाही.

मग आपल्याकडे हे कोणाला जमलंच नाही का? जमलं आहे, आणि ते समजून घेतलं नाही तर आजचं बोलणं नुसती तक्रार होईल.

ओडिशाचं बघा. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकलं. जवळपास १० हजार माणसं गेली. वीज गेली, दूरध्वनी गेले आणि किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्कच तुटला. वादळ येतंय हे हवामान खात्याने सांगितलं होतं, पण ते शेवटच्या झोपडीपर्यंत पोचवणारी साखळी नव्हती. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी वेगळं प्राधिकरण उभं केलं, किनाऱ्यावर आसरे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले आणि वादळ नसतानाही सराव करायला सुरुवात केली.

१२ ऑक्टोबर २०१३ ला गोपाळपूरजवळ फायलिन वादळ आलं. त्याआधी काही दिवस हवामान खातं ठरावीक वेळाने पत्रकं काढत होतं: वादळ कुठे आहे, वेग किती, किनाऱ्याला कधी लागेल. काही परदेशी संस्था याहून भयंकर वादळाचं भाकीत करत होत्या. आपल्या खात्याने लोकांसमोर येऊन सांगितलं की आमचा अंदाज असा आहे, आणि आम्ही त्यावर ठाम आहोत. अंदाज बराचसा खरा ठरला. सुमारे १० लाख लोकांना हलवण्यात आलं आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. पुढे मे २०१९ मध्ये पुरीजवळ फनी आलं तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना हलवलं, लाखो मोबाइलवर संदेश गेले, भोंगे वाजले, पोलिसांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं.

घरदार, गुरंढोरं सोडून आसऱ्याला चला म्हटल्यावर माणूस सहज उठत नाही. चोरी होईल, बकरी मरेल, अशी भीती असते. तरी लोक उठले, कारण सांगणारा माणूस त्यांच्याच गावातला होता, दरवर्षीच्या सरावात त्यांनी त्याला पाहिलेलं होतं, आणि त्याचं मागचं सांगणं खरं निघालं होतं. हा विश्वास त्या एका रात्रीत तयार झाला नव्हता. त्याला चौदा वर्षं लागली होती.

म्हणून संकटात पत्रकार परिषद कशी घ्यावी, प्रवक्ता कसा असावा, या गोष्टी मला दुय्यम वाटतात. त्या शिकाव्यात, पण आधीचा प्रश्न सोपा आहे. सगळं ठीक चाललेलं असताना ही संस्था आपल्या धोक्यांविषयी शेजाऱ्यांशी बोलते का? तुम्ही भारतात कुठेही राहत असाल, तुमच्या गावाच्या वर एखादं धरण असेल, शहराच्या कडेला रसायनांचा कारखाना असेल. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो का, तो शेवटचा कधी वाजवून पाहिला, वाजला तर कोणत्या दिशेला जायचं, हे आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारा. उत्तर मिळालं नाही तर तुमच्याकडेही लाल निशाण लावलेलं नाही असं समजा, आणि ते लावून घेण्यासाठी मागे लागा.

आजच्यापुरतं इथेच थांबतो.