ग्लुकोमीटर

बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण काही सेकंदांत दाखवणारे, मुठीत मावणारे उपकरण. मधुमेही ते घरी वापरतात, परिचारिका रुग्णाच्या खाटेपाशी. घरोघरी त्याला ‘शुगरचे मशीन’ म्हणतात.

मोजणीचे खरे काम होते ते यंत्रात खोचून रक्ताचा थेंब ज्यावर घेतात त्या पट्टीवर. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे विकर वाळवून बसवलेले असते. विकर ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून घेते, मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत नेते आणि यंत्र त्या विद्युतप्रवाहावरून आकडा दाखवते. त्यामुळे झाकण उघडे राहून डबीतल्या पट्ट्या दमटल्या, तर भारी यंत्रही चुकते.

अमेरिकेतील एम्स कंपनीचे पहिले मीटर १९७०च्या सुमारास आले. त्यात पट्टीवरच्या रंगावरून परावर्तित होणारा प्रकाश मोजला जाई. वजन किलोभराहून अधिक, किंमत सुमारे ५०० डॉलर आणि विक्री फक्त डॉक्टरांना. ज्याच्या रक्ताची मोजणी त्यालाच ते मिळत नसे! रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही अभियंत्याने ते डॉक्टर पत्नीच्या नावावर मिळवले, दिवसातून अनेकदा साखर मोजून इन्सुलिन व आहार बेतला आणि पुढे तो स्वतः डॉक्टर झाला. घरच्या घरी तपासण्याची प्रथा रुजण्यात अशा हट्टी रुग्णांचा वाटा मोठा आहे. १९८७मध्ये पेनाएवढे, विद्युतरासायनिक ‘एक्झॅकटेक’ आले; आजची बहुतेक यंत्रे त्याच वाटेने जातात.

आयएसओ १५१९७ (२०१३) या मानकानुसार १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर व त्यापुढील पातळीवर ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या मोजणीच्या १५ टक्के आत-बाहेर असले तरी चालतात. म्हणून मधुमेहाचे निदान शिरेतील रक्तावरच करतात. औषधाची मात्रा सांभाळायला मात्र हा आकडा पुरतो. रक्तक्षयात, लाल पेशींचे प्रमाण घटल्यामुळे, काही पट्ट्या साखर फाजील दाखवतात. रक्तक्षय सर्रास असलेल्या आपल्याकडे याची चर्चा फारशी होत नाही. आंबा सोलून हात न धुता टोचले तरीही आकडा फुगतो.

भारतात एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. ब्रिटनहून नातेवाइकांनी आणलेले यंत्र बहुधा मिलिमोल प्रति लिटर दाखवते. तो आकडा १८ने गुणावा, म्हणजे ७चे १२६ होतात.