जोमोन-सुगी : न तोडलेल्या झाडाची हकीकत

अतिवृद्ध वृक्षासमोर उभा राहिलेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो त्याच्या वयाचा. प्रश्न स्वाभाविक आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसराच असतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं : हें झाड आजवर कोणीं तोडलें कसें नाहीं? ज्या अरण्याच्या पायथ्याशीं शेंकडों वर्षें वस्ती आहे, जेथील माणसांना घरें शाकारावयाचीं आहेत आणि सरकारसारा भरावयाचा आहे, त्या अरण्यांत सोळा मीटर घेराचें झाड शिल्लक राहावें ही गोष्ट आपोआप घडत नाहीं. जपानच्या दक्षिणेकडील याकुशिमा बेटावर असें एक झाड आहे. त्याच्या दर्शनास दरवर्षीं हजारों लोक जातात व मनुष्याचा हात न लागलेला निसर्ग पाहिल्याच्या समाधानांत परततात. त्यांच्या समाधानास धक्का देण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु ज्या वाटेनें ते जातात ती वाटच वेगळी हकीकत सांगत असते, आणि ती ऐकण्यासारखी आहे.

क्यूशूच्या दक्षिण टोंकापासून सुमारें ६० किलोमीटरवर समुद्रांत हें बेट आहे. आकारानें जवळजवळ वाटोळें, क्षेत्रफळ सुमारें ५०० चौरस किलोमीटर, आणि मध्यभागीं एकदम उंच चढत गेलेलें. त्याचें सर्वांत उंच शिखर मियानोउरादाके १,९३६ मीटर आहे. सबंध क्यूशू प्रांतांत याहून उंच शिखर नाहीं. उबदार समुद्रावरून येणारे ढग ग्रॅनाइटच्या या भिंतीवर आदळतात व तेथेंच रिते होतात. किनाऱ्यावर वर्षास सुमारें ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर डोंगरांत ८,००० च्या वर. महाबळेश्वरचा पाऊस पाहिलेल्या वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, तो चार महिन्यांत आटोपतो. याकुशिमाचा बारा महिने चालूच असतो, आणि हिवाळ्यांत माथ्यावर त्याचें बर्फ होतें.

या पावसांत वाढणारें मुख्य झाड म्हणजे सुगी. इंग्रजी पुस्तकांतून त्यास देवदारांत ढकलण्याची चाल आहे, पण तें खरें देवदार नव्हे. ब्रिटिश अमदानींत तें दार्जिलिंगच्या डोंगरांत लावलें गेलें. तेथें त्यास धुपी म्हणतात. जपानांत इतरत्र सुगी फार तर पांचशें वर्षें जगतें असें मानतात. याकुशिमांत मात्र ग्रॅनाइटवरची माती इतकी निकस आहे कीं, झाड अत्यंत सावकाश वाढतें. वाढीचीं वर्तुळें एकमेकांस चिकटून बसतात, लाकूड घट्ट होतें, आणि त्यांत राळ इतकी साठते कीं कुजविणाऱ्या बुरशीला व किड्यांना आंत शिरकाव मिळणें कठीण. हजार वर्षें ओलांडलेल्या झाडासच तेथें 'याकुसुगी' ही पदवी आहे; त्याखालचीं सारीं 'कोसुगी', म्हणजे लहान सुगी. नऊशें वर्षांच्या झाडास लहान म्हणणारें दुसरें गांव आम्हांस ठाऊक नाहीं.

जो गुण झाडास दीर्घायुषी करतो तोच त्याच्या मुळावर येतो. न कुजणारें लाकूड, आणि तेंहि उभें चिरलें असतां सरळ फाटणारें, म्हणजे घरावर घालण्याच्या फळ्यांसाठीं याहून उत्तम माल नाहीं. तरीहि पुष्कळ काळपर्यंत बेटावरचे लोक आंतल्या डोंगरांतील मोठ्या सुगींना हात लावीत नसत. ते डोंगर देवाचे, तीं झाडेंहि देवाचीं, असा समज होता. आपल्याकडील देवराईंत वाळकी काटकीहि न उचलणारा माणूस हा समज समजावून न सांगतां समजूं शकेल.

हा समज मोडणारा पुरुष परका नव्हता. तोमारी जोचिकु हा याच बेटावरील अंबो गांवचा. त्याचा जन्म १५७० चा. तो बौद्ध भिक्षु होता, पुढें कन्फ्यूशियसच्या शास्त्राचा पंडित झाला, आणि सात्सुमाच्या शिमाझु घराण्याच्या पदरीं राहिला. याकुशिमा त्या वेळीं याच घराण्याच्या ताब्यांत होती. म्हातारपणीं, १६४० नंतर, तो गांवीं परतला तेव्हां त्यास दिसलें तें असें : डोंगर समुद्रांतून सरळ उठलेले, भातास जमीन नाहीं, आणि सारा तर तांदुळाच्या मापानें मोजला जातो. डोंगरांत सोनें उभें आहे व खालीं माणसें उपाशी आहेत. सुगी तोडावी, तिच्या फळ्या सारा म्हणून द्याव्या, व बदल्यांत तांदूळ घ्यावा, असा त्याचा सल्ला. लोक देवाच्या भयानें तयार होईनात. तेव्हां, अशी दंतकथा आहे, जोचिकु एकटाच डोंगरांत गेला, कित्येक दिवस त्यानें देवाची आराधना केली, आणि परत येऊन देवाची अनुज्ञा मिळाल्याचें जाहीर केलें. अनुज्ञेस अट एकच. जें झाड तोडावयाचें त्याच्या बुंध्याशीं आदल्या रात्रीं कुऱ्हाड टेकवून ठेवावी. सकाळीं ती पडलेली आढळली तर झाड देवास हवें आहे असें समजून सोडून द्यावें. उभीच असली तर खुशाल तोडावें.

जोचिकुशीं देव बोलला कीं नाहीं याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. परंतु कुऱ्हाड झाडाशीं नीट टेकवून ठेवली असतां ती सहसा पडत नाहीं, हें त्या पंडितास ठाऊक नसेल असेंहि आम्हांस वाटत नाहीं. त्यास निव्वळ ढोंगी म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. उपाशी माणसांस त्यानें जेवण्याची वाट दाखविली, आणि बेटावर आजहि त्याचें नांव संताप्रमाणें घेतलें जातें. त्याच वाटेनें पुढील दोन शतकांत बेटावरील जुन्या सुगींपैकीं अर्ध्याहून अधिक खालीं आल्या हेंहि तितकेंच खरें. लाभ कोणास किती झाला हें विचाराल, तर फळ्या सात्सुमाच्या कोठारांत गेल्या, व्यापार सात्सुमाचा, नफाहि बव्हंशीं सात्सुमाचाच. बेटकऱ्यांच्या वांट्यास साऱ्याची फेड आणि थोडा तांदूळ आला.

झाड पाडण्याची रीत जाणण्यासारखी आहे, कारण तिच्याच खुणा आजच्या वाटेवर जागोजाग उभ्या आहेत. मोठ्या सुगीचा बुंधा तळाशीं मुळांच्या फुगवट्यानें वेडावांकडा असतो. त्या भागाच्या फळ्या निघत नाहींत. म्हणून लाकूडतोडे झाडाभोंवतीं परांची बांधीत, जमिनीपासून पुरुषभर किंवा त्याहूनहि वर चढून घाव घालीत, आणि खालचा भाग तसाच सोडून देत. पाडलेल्या झाडाच्या जागच्या जागीं फळ्या करीत व त्या पाठीवर बांधून डोंगर उतरत. राळेमुळें हे बुडखे तीनशें वर्षांत कुजले नाहींत. त्यांवर शेवाळ चढलें, शेवाळांत बीं पडलें, आणि तोडीमुळें मोकळ्या झालेल्या आकाशांतून उजेड मिळतांच नव्या सुगी बुडख्यांच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. प्रवासी ज्याला आदिम अरण्य समजून मान वर करून पाहतो, त्यांतील पुष्कळसें अरण्य असें करवसुलीच्या कारकीर्दींत जन्मलेलें आहे.

आणखी एक खूण. कांहीं जुन्या झाडांच्या अंगावर एकच खांच दिसते. झाड मात्र जिवंत. ही परीक्षेची खांच होय. लाकूड सरळ फाटतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं लाकूडतोडा आधीं थोडें कोरून बघे. धागा पिळलेला निघाला कीं झाड टाकून पुढें जाई. याचा अर्थ असा कीं, जीं झाडें आज उरलीं आहेत तीं देवानें राखलेलीं नसून बहुधा कारागिरानें नापसंत केलेलीं आहेत. सरळ वाढलेलीं साऱ्यांत गेलीं. गांठाळ, पिळलेलीं, पोकळ तेवढीं राहिलीं.

वाटेवरचा सर्वांत प्रसिद्ध बुडखा विल्सनच्या नांवानें ओळखला जातो. अर्नेस्ट विल्सन हा हार्वर्ड विद्यापीठाच्या वृक्षोद्यानासाठीं पूर्वेकडील वनस्पति गोळा करणारा इंग्रज शास्त्रज्ञ १९१४ च्या फेब्रुवारींत याकुशिमास आला व त्यानें या बुडख्याची माहिती जगास दिली. त्याचा घेर सुमारें १४ मीटर आहे. आंतून तो पोकळ असून त्यांत एक झरा वाहतो आणि एक लहानसें देऊळ आहे. आंत उभें राहून वर पाहिलें तर एका विशिष्ट कोनांतून आभाळाचा तुकडा बदामाच्या आकाराचा दिसतो. हल्लीं बहुतेक लोक या कोनाच्या शोधांतच आंत शिरतात व झऱ्याकडे पाहत नाहींत. असो. हें झाड क्योतो येथील होकोजीच्या बुद्धमंदिरासाठीं तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकुमानें १५८६ च्या सुमारास तोडलें, असें सांगतात. सालाविषयीं आम्हांस शंका आहे. शिमाझु घराणें हिदेयोशीस शरण गेलें तेंच मुळीं १५८७ सालीं. पण मंदिराची पुढील गति निश्चित आहे. तेथील प्रचंड बुद्धमूर्ति १५९६ च्या भूकंपांत भंगली, आणि ती पुन्हा घडवीत असतांना १६०२ सालीं मंदिर आगींत भस्म झालें. झाड खरोखरच तेथें गेलें असेल, तर त्याच्या लाकडाचें आयुष्य वीस वर्षांहून कमी भरलें. बुडखा अजून आहे.

सात्सुमाची सत्ता १८६८ नंतरच्या उलथापालथींत गेली. परंतु अरण्य बेटकऱ्यांकडे आलें नाहीं. नव्या सरकारनें जमिनींची मालकी ठरवितांना डोंगर सरकारजमा केले. बापजाद्यांच्या अरण्यांत सरपण काढणें हा आतां गुन्हा झाला. बेटावरच्या गांवांनीं १९०४ सालीं सरकारवर दावा लावला, सोळा वर्षें तो चालविला, आणि १९२० सालीं ते हरले. पुढच्याच वर्षीं सरकारनें कांहीं सवलती दिल्या : गांवाजवळच्या अरण्याचा उपयोग, तोडीच्या कामावर मजुरी, रस्ते. ज्याचें घर गेलें त्यास त्याच घरांत चाकरी मिळावी, तसा हा प्रकार. १९२३ सालीं अंबोपासून डोंगरांत लहान आगगाडीचा मार्ग सुरू झाला, आणि कोसुगिदानी येथें लाकूडतोड्यांचें गांव वसलें. १९६० च्या सुमारास तेथें पांचशेंवर माणसें राहत होतीं. शाळा होती, दुकानें होतीं. यांत्रिक करवत आल्यावर जें काम पूर्वीं दिवसानुदिवस चाले तें तासांवर आलें. डोंगरच्या डोंगर उघडे पडले. १९७० सालीं तें गांव उठलें. शाळेच्या जागीं आतां पटांगण आणि झाडी आहे. तोडीविरुद्ध चळवळ उभारणाऱ्यांत बेटाचेच तरुण होते, व १९८० नंतरच्या काळांत जुन्या सुगींची तोड थांबली. १९९३ सालीं बेटाच्या सुमारें पंचमांश भागास जागतिक वारशाचा मान मिळाला.

प्रस्तुत झाड जगापुढें आलें तें या तोडीच्या ऐन भरांत. १९६६ सालीं इवाकावा तेइजी या स्थानिक अधिकाऱ्यास तें आढळलें, आणि वर्तमानपत्रांतून त्याचा बोलबाला झाला. नांव पडलें जोमोन-सुगी. जोमोन हें जपानच्या प्राचीन युगाचें नांव. त्या काळच्या मडक्यांवर दोरीचे ठसे असतात त्यावरून तें पडलें. झाड त्या युगाचें म्हणून हें नांव, असें कोणी म्हणतात. त्याच्या अंगावरचे पीळ त्या मडक्यांसारखे म्हणून, असें दुसरे म्हणतात. १९७६ सालीं एका प्राध्यापकानें घेरावरून हिशेब करून वय ७,२०० वर्षें ठरविलें, आणि हा आंकडा इतका आवडला कीं तो अजून छापला जातो. परंतु बेटाच्या वायव्येस समुद्रांत सुमारें ७,३०० वर्षांपूर्वीं प्रचंड ज्वालामुखी फुटला व त्याचा जळता लोट याकुशिमावरून गेला. त्यानंतर अवघ्या शतकभरांत राखेंतून हें रोप उगवलें असें मानावें लागतें. झाडाचें अंतरंग पोकळ असल्यामुळें वर्तुळें मोजण्याची सोय नाहीं. कर्बाच्या परीक्षेनें मिळालेल्या जुन्यांत जुन्या लाकडाचें वय २,१७० वर्षें निघालें. तेव्हां दोन हजारांहून अधिक, इतकें निश्चित बोलतां येतें. आमच्या मतें तेवढें पुरे आहे. सातवाहनांच्या काळीं जें उभें होतें त्यास आणखी पांच हजार वर्षें उसनीं देऊन त्याची थोरवी वाढत नाहीं.

अराकावाच्या फाट्यापासून झाड ११ किलोमीटर आहे. त्यांतले पहिले ८ किलोमीटर त्याच जुन्या रुळांमधून, फळ्यांवर पाय टाकीत जावें लागतें. पुढें खडा चढ. जाऊन येऊन दहा तास लागतात, म्हणून लोक अंधारांतच निघतात. रूळ कोसुगिदानीच्या पटांगणाशेजारून जातात, रूळ संपल्यावर विल्सनचा बुडखा लागतो, आणि सुमारें १,३०० मीटर उंचीवर, धुकें असेल तर अगदीं जवळ गेल्यावर, झाड दिसतें. उंची २५ मीटर, घेर १६.४ मीटर. म्हणजे तें उंच नव्हे, रुंद आहे. अंग गांठींनीं भरलेलें, धागा सर्वत्र पिळलेला, शेंडा तुटका, अंगाखांद्यावर दुसरीं झाडें वाढलेलीं. याची एकहि सरळ फळी निघाली नसती हें सुताराचा डोळा नसलेल्यासहि कळतें. जोचिकुच्या काळचे लाकूडतोडे त्याच्या खालून गेले असतील तर त्यांनीं कुऱ्हाड टेकविण्याचीहि तसदी घेतली नसेल.

आतां त्यास भय प्रशंसकांचें आहे. शोध लागल्यावर लोकांनीं जवळ जावें म्हणून भोंवतालचीं झाडें काढलीं गेलीं. माती उघडी पडली, पावसानें वाहून गेली, मुळें पायांखालीं आलीं. १९९६ सालीं दूर अंतरावर लाकडी मचाण बांधलें. तेव्हांपासून झाडास हात लावतां येत नाहीं. तरी २००५ सालीं कोणीतरी त्याची साल तळहाताएवढी कापून नेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बर्फाच्या ओझ्यानें त्याची एक मोठी जुनी फांदी मोडली. ती अंबो येथील याकुसुगी संग्रहालयांत आणून ठेवली आहे. दहा तासांची वाट ज्यांना चालवत नाहीं तीं वृद्ध मंडळी ती तेथें पाहतात.